सात हजारांची गिटार आणि साडेनऊ हजारांचा बेस: तीन वर्षांच्या वापरानंतर

बेळगावात आमच्या शहापुरातील घराच्या पुढच्या खोलीत भिंतीवर दोन वाद्ये टांगलेली आहेत. सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार मी खडेबाजारालगतच्या एका दुकानातून ७,२०० रुपयांना घेतली. त्या किमतीत कापडी पिशवी आणि एक केबल मिळाली, आणि ती केबल महिनाभरात निकामी झाली. चार तारांचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, भाच्यासाठी ९,५०० रुपयांना घरपोच मागवला. या दोन्हींवरील कंपन्यांची नावे मी देणार नाही. या किमतीची गिटार एकाच कारखान्यातून निघून चार वेगवेगळ्या नावांनी विकली जाते आणि बॉडी, नेक म्हणजे दांडी, बॉडीवर तारा टेकतात तो ब्रिज आणि तारांचा कंप पकडणारे पिकअप हे भाग सर्वत्र जवळपास सारखेच असतात, त्यामुळे दांडीच्या टोकावर छापलेल्या नावावरून वाचकाला फारसे काही कळणार नाही. या किमतीत नेमके काय मिळते, काय मिळत नाही आणि जे मिळत नाही ते आपल्या भागात राहून कसे मिळवता येते, एवढेच मला सांगायचे आहे.

मी उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये गेली बावीस वर्षे काम करतो. त्यामुळे गिटार घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी ती वाजवण्याआधी मोजली. नट म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, आणि फ्रेट म्हणजे दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्या. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३२४ मिलिमीटर आणि बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत पुन्हा तेवढेच, म्हणजे तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. स्ट्रॅटोकास्टर या मूळ अमेरिकन गिटारीचे मापही हेच आहे. नटपासून पहिला फ्रेट ३६.४ मिलिमीटरवर हवा, तो तिथेच होता. पुढचे सर्व फ्रेट मी व्हर्नियरने तपासले आणि एकही जागा सोडून बसलेला सापडला नाही. लाखभराच्या गिटारीतही फ्रेट याहून वेगळ्या जागी नसतात, कारण खाचा पाडणारे यंत्र संगणकाने दिलेल्या आकड्यावर चालते आणि वाद्य किती रुपयांना विकले जाणार आहे हे त्या यंत्राला ठाऊक नसते. कोरियाच्या कोर्ट कंपनीचा इंडोनेशियातील कारखाना स्वतःच्या गिटारींबरोबर इतर नावाजलेल्या ब्रँडच्या गिटारीही बनवतो, यामागेही हेच गणित आहे.

मग किंमत उतरते कुठे? ती उतरते हातकामात. फ्रेटची टोके कानसेने गोल करणे, सर्व फ्रेट एका पातळीत आणणे, नटच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे उतरवणे, तारांची उंची जुळवणे ही कामे माणूसच करतो आणि त्यांना वेळ लागतो. स्वस्त गिटारीतून हाच वेळ कापलेला असतो. माझ्या मते स्वस्त इलेक्ट्रिक गिटारीची सगळी गोडी येथेच आहे. जे शिल्लक ठेवले आहे ते कानस, पॉलिश पेपर, सोल्डर आणि चार रविवार खर्चून घरी पुरे करता येते. आणि जे घरी करता येणे शक्य नव्हते, ते अचूक होऊन आलेले असते.

ही गोष्ट साध्या, बिनविजेच्या गिटारीला लागू पडत नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तिच्यात आवाज वरची लाकडी फळी देते. फळी जाड प्लायवूडची असेल तर कितीही कानस फिरवली तरी ती खोक्यासारखीच वाजते. इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावते, चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात त्या कंपनाचा विद्युतप्रवाह तयार होतो (हाच पिकअप) आणि पुढचे काम अँप, म्हणजे ध्वनिवर्धक, करतो. लाकडाचा काहीच वाटा नाही असे मी म्हणत नाही, पण तो इतका लहान आहे की चांगल्या पिकअपखाली प्लायवूडची बॉडीही सुरेख बोलते.

मुळात इलेक्ट्रिक गिटार हे वाद्यच सोप्या बांधणीचे म्हणून जन्माला आले. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारे लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. १९५० मध्ये त्यांनी जी गिटार बाजारात आणली ती म्हणजे एक सपाट फळी आणि तिला चार स्क्रूंनी जोडलेली दांडी. सरस लावून सांधे जुळवण्याची जुनी पद्धत त्यांनी सोडली, कारण दांडी बिघडली तर काढून दुसरी बसवता आली पाहिजे, असा दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार त्यामागे होता. न्यू जर्सीतील नेथन डॅनियल यांनी १९४७ मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनी काढली आणि पुढे पाइन लाकडाच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी हार्डबोर्ड चिकटवून पोकळ गिटारी बनवल्या. त्यांच्या पिकअपना लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांचे आवरण असे. सिअर्स या अमेरिकन व्यापारी कंपनीच्या कॅटलॉगमधून या गिटारी घरोघरी, मुख्यतः शिकाऊ मुलांसाठी, टपालाने जात. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेज यांनी हीच डॅनइलेक्ट्रो मोठमोठ्या मंचांवर वाजवली, आणि लिपस्टिकच्या नळीतील त्या पिकअपचा काचेसारखा लख्ख आवाज आज लोक मुद्दाम मागून घेतात. शिकागोचे हाउंड डॉग टेलर स्वस्त जपानी गिटारीवर ब्लूज वाजवत. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेन यांच्या हाती मोसराइट या अमेरिकन गिटारीची युनिव्हॉक्स नावाने विकली जाणारी जपानी नक्कल असे. आपल्याकडे एका सबंध पिढीचे शिक्षण गिव्हसन आणि हॉबनर या देशी गिटारींवर झाले आणि कॉलेजच्या गॅदरिंगपासून गणपतीतील ऑर्केस्ट्रापर्यंत त्यांनी किती वर्षे साथ दिली, हे माझ्या वयाच्या वादकांना सांगायला नको.

आता माझ्या गिटारीकडे येतो. पहिली तक्रार फ्रेटच्या टोकांची. गिटार भर पावसाळ्यात घेतली तेव्हा दांडीच्या कडेवरून बोट फिरवले तर फक्त किंचित खरखर लागत असे. चैत्रात हवा कोरडी झाली, फ्रेटबोर्डचे लाकूड आक्रसले, आणि धातूच्या टोकांना तर आक्रसणे ठाऊक नाही. ती दोन्ही बाजूंनी करवतीच्या दातांसारखी बाहेर आली. भाच्याच्या तर्जनीला ओरखडा उठला तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे गिटार हाय का विळी हाय वो?" एका रविवारी दांडीच्या बाजूंना कागदी टेप लावून मी बारीक कानशीने एकेक टोक घासले. बावीस फ्रेट, चव्वेचाळीस टोके. प्रत्येक टोकाला आधी तिरका उतार द्यायचा, मग वरचा आणि खालचा कोपरा मोडायचा, मग ४०० नंबरचा आणि शेवटी १,००० नंबरचा पॉलिश पेपर. साडेतीन तास गेले. त्यानंतर ती दांडी हातात इतकी मऊ आली की मी अँप न लावताच बराच वेळ नुसता वरखाली हात फिरवत बसलो होतो.

हा फ्रेटबोर्ड कोणत्या लाकडाचा, याची एक गंमत आहे. पूर्वी या जागी शिसव असे. शिसव ज्या डाल्बर्जिया प्रजातीत येतो, त्या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटारी बनवणाऱ्यांनी इतर लाकडे शोधली होती. त्यातील एकाला ते 'इंडियन लॉरेल' म्हणतात. दुकानदाराने हे नाव मोठ्या कौतुकाने सांगितले. मी घरी येऊन शोधले, तर तो आपला ऐन निघाला. खानापूरच्या जंगलातून जाताना मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीचा जो उंच वृक्ष जागोजागी दिसतो, ज्याच्या तुळया आमच्या आजोळच्या घराला आहेत, तोच ऐन आता परदेशी नाव घेऊन गिटारीच्या दांडीवर बसला आहे. लाकूड टणक आहे, त्याचे रेषे ठळक आहेत, आणि वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला की ते चांगले राहते.

दुसरी तक्रार नटची, आणि ती अधिक गंभीर होती, कारण तिच्यामुळे गिटार बेसूर होत होती. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर जुळायच्या, पण पहिल्या फ्रेटवर बोट ठेवले की स्वर चढायचा. नवशिक्याला वाटते की आपले बोटच चुकते. चूक नटची असते: खाच उथळ ठेवलेली असल्यामुळे तार उंचावर राहते आणि दाबताना ती ताणली जाते. हे तपासण्याची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते पाहावे; कागद जेमतेम सरकेल इतकीच फट हवी. माझ्याकडे पोस्टकार्ड सहज जात होते. शिवाय तो नट आतून पोकळ अशा मऊ प्लॅस्टिकचा होता.

त्या सुमारास कामानिमित्त मिरजेला जाणे झाले. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे सर्वांना माहीत आहेत. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील एका कारागिरांना मी नट दाखवला. त्यांनी तो नखाने वाजवून पाहिला, बाजूला ठेवला आणि हाडाचा एक तुकडा काढून मापात घासून दिला. खाचा मात्र घरी गिटारीवर तार ठेवूनच उतरवा, असे त्यांनी बजावले. सतारीची जवारी काढतानाही घोडीवर तार नेमकी कुठे टेकते आणि कुठून सुटते, यावर सारा आवाज अवलंबून असतो. गिटारीत त्या रुंद टेकण्याऐवजी तार एका बिंदूतून स्वच्छ सुटावी लागते, एवढाच फरक. तुकड्याचे आणि मजुरीचे मिळून ३०० रुपये झाले. नट बसवल्यानंतर बेसूरपणा गेला, आणि गिटार वारंवार उतरते म्हणून मी ज्या खुंट्यांना दोष देत होतो त्या निर्दोष ठरल्या. तार खाचेत अडकून बसत होती आणि मी विनाकारण खुंट्या बदलण्याच्या तयारीत होतो. स्वस्त गिटार सुरात राहत नाही अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने पैसे खर्च करण्याआधी नट पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

विजेच्या बाजूची कहाणी वेगळी आहे. आठव्या महिन्यात गिटार अचानक जोरात भणभणू लागली. एरवी तारांना हात लावला की भणभण कमी होते, कारण तारा ब्रिजमार्गे अर्थिंगच्या तारेला जोडलेल्या असतात. येथे हात लावूनही काही फरक पडेना. मागचे झाकण उघडले तर स्प्रिंगांच्या पट्टीला जोडलेली काळी वायर सुटून लोंबत होती. सोल्डरचा थेंब पट्टीवर नुसता टेकवलेला होता, धरलेला नव्हता. ही पट्टी जाड लोखंडाची असल्याने साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता ती गिळून टाकते. कारखान्यात घाई झाली असणार. मी कामावरील मित्राचे १०० वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणले, पट्टी घासून चकचकीत केली आणि एका मिनिटात काम झाले. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. तारा अर्थिंगला जोडलेल्या असल्यामुळे वादकाचे शरीर अँपच्या अर्थिंगशी जोडले जाते, आणि आपल्या जुन्या गल्ल्यांतील अनेक घरांत तिसऱ्या पिनमागे तारच नसते. गिटार वाजवताना बोटांना झिणझिण्या आल्या तर तो गिटारीचा दोष समजू नये. वायरमन बोलावून घरचे अर्थिंग आधी करून घ्यावे.

पिकअप तीन आहेत, एकेरी वेटोळ्याचे. महागड्या गिटारीत ॲल्निको या मिश्रधातूच्या सहा स्वतंत्र चुंबक-कांड्या असतात. येथे पोलादाच्या कांड्या आणि त्यांच्याखाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी आहे. आवाज थोडा कडक आणि वरच्या स्वरांत टोचणारा आहे. टोनचे बटण सातवर आणले की टोचणे जाते. पिकअप मी बदललेले नाहीत आणि बदलणारही नाही, कारण विकृत, जाड आवाजात, म्हणजे ओव्हरड्राइव्हमध्ये, तोच कडकपणा उपयोगी पडतो. व्हॉल्यूम-टोनची बटणे, पाच जागांचा स्विच आणि जॅक मात्र बदलले. ८५० रुपये लागले आणि खरखर थांबली. तारा, कानस, पॉलिश पेपर धरून एकूण १,९०० रुपये वर गेले. ट्रेमोलोच्या, म्हणजे तारा सैल-ताठ करून स्वर हलवणाऱ्या, दांड्याविषयी एवढेच सांगतो, की तो पिशवीतच ठेवावा.

बेसची गोष्ट निराळी, आणि त्यात माझा अनुभव संमिश्र आहे. पहिला बेस घरी आला तेव्हा त्याच्या दांडीला पीळ पडलेला होता. बाक असता तर ट्रस रॉड, म्हणजे दांडीच्या आतली सळई, फिरवून काढता आला असता. पीळ काढता येत नाही. विक्रेत्याने तो बदलून देण्यास पाच आठवडे लावले आणि प्रत्येक फोनवर नव्या माणसाला सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागली. दुसरा आला तो चांगला निघाला. तरीही बेस दुकानात जाऊन, दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे आता माझे ठाम मत आहे. ८६४ मिलिमीटर लांबीच्या जाड तारांचा ताण मोठा असतो आणि स्वस्त लाकडाची परीक्षा तिथेच होते.

हा बेस फेंडरच्या प्रिसिजन घडणीचा आहे. १९५१ मध्ये आलेल्या त्या बेसला फ्रेट असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून त्याचे नाव प्रिसिजन. १९५७ पासून त्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला आणि हे दोन तुकडे एकमेकांची भणभण रद्द करतात. ही रचना इतकी सरळ आहे की स्वस्तात बनवतानाही ती बिघडवणे अवघड जावे. परिणामी माझ्या गिटारीपेक्षा भाच्याचा बेस कितीतरी शांत आहे. त्याची ई तार दमदार, गोल आणि भरीव वाजते. जी तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटपाशी स्वर लवकर विझतो, पण हा दोष या घडणीच्या महाग बेसमध्येही आढळतो, म्हणून मी त्याचे गुण कापत नाही. खटकते ते वजन. खुंट्या जड आहेत, बॉडी हलकी आहे, आणि पट्टा गळ्यात घालून हात सोडला की दांडी जमिनीकडे झुकते. खडबडीत पृष्ठभागाचा रुंद पट्टा घेतल्यावर हे कमी झाले.

खरा खर्च मात्र बेसच्या बाहेर आहे, आणि हे विकणारे सांगत नाहीत. बेसच्या सर्वांत खालच्या ई स्वराची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ, गिटारीच्या ई स्वराची ८२. माझ्या सहा इंची स्पीकरच्या छोट्या अँपमध्ये बेस लावला की स्पीकरचा कागद फडफडतो आणि स्वर कुठेच ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर स्पीकर फाटण्याची भीती. बेसचा धड अँप बेसपेक्षा महाग पडतो. तारांचा एक संचही गिटारीच्या संचाच्या तिप्पट किमतीचा आहे. जेमतेम दहा हजारच हाती असतील तर मी गिटार घ्या म्हणेन. बेसच हवा असेल तर सुरुवातीला हेडफोनवर चालणारा छोटा अँप घेऊन वर्ष काढावे. तारांच्या बाबतीत दिलासा एवढाच, की बेसच्या जुन्या तारा वाईट वाजत नाहीत. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन तार तुटेपर्यंत ती बदलत नसत. आणि स्वस्त बेसविषयी कुणी नाक मुरडले तर भाचा त्याला बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांची गोष्ट ऐकवतो: १९६१ मध्ये हॅम्बुर्गला फेंडर परवडत नव्हता म्हणून त्यांनी सुमारे ३० पौंडांना हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला आणि तोच त्यांची ओळख बनला. १९७२ मध्ये चोरीला गेलेला तो बेस सापडल्याची बातमी २०२४ मध्ये आली, त्या दिवशी आमच्या घरी सणासारखे वातावरण होते.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या बेंजो पार्टीने भाच्याला साथीला बोलावले. तो बेंजो म्हणजे आपला बटणांचा बुलबुलतरंग; वादकाने त्याला स्वतः पिकअप बसवलेला आहे, आणि आवाजात तो कुणालाही हार जात नाही. ट्रॉलीवर जनरेटरच्या शेजारी उभे राहून, भुरभुर पावसात, प्लॅस्टिकचा कागद पांघरून साडेचार तास बेस वाजला. घरी आल्यावर मी तो ट्यूनरला लावून पाहिला: ई, ए आणि जी तारा जागच्या जागी होत्या, डी किंचित उतरली होती. ब्रिजच्या दोन स्क्रूंवर मात्र दुसऱ्या दिवशी गंज दिसला. ते स्क्रू मी उद्यमबागेतून आणलेले स्टेनलेसचे घातले, दोघांचे मिळून सोळा रुपये.